भिंतीचा आकडा

भिंतीचा आकडा अठरावर गेला त्या दिवशी मी घरात कुणाला काही बोलले नाही. नवऱ्याच्या हातात डबा दिला, गोटीच्या वेण्या घातल्या, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन साखरेच्या डब्याला धरून उभी राहिले. माणसाला ताप आला तर डॉक्टर असतो. भिंतीला अठरा आल्यावर बाईमाणसाने जायचं कुणाकडे?

आमचं घर पेंढ्याचं आहे. हे वाक्य ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मला आता पाठ झालंय, तेव्हा तुम्ही संकोच करू नका. पेंढ्याचं म्हणजे छप्पर नव्हे, भिंती. कापणीनंतर उरलेला पेंढा दाबून बांधलेले चौकोनी गठ्ठे विटांसारखे एकावर एक रचायचे आणि आतून-बाहेरून माती-चुन्याचा जाड गिलावा द्यायचा. भिंत हातभर जाड होते. दक्षिणेला मोठाल्या खिडक्या. हिवाळ्यात सूर्य खालून जातो, तो छज्ज्याखालून वाकून आत येतो आणि काळ्या फरशीवर दुपारभर लोळतो. संध्याकाळी फरशी ती ऊब परत देते आणि पेंढा तिला बाहेर जाऊ देत नाही. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर चढला की तोच छज्जा त्याला उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावतो. शेगडी नको, हीटर नको. हे सगळं माझा नवरा फळ्यावर आकृती काढून समजावतो, कारण तो शाळेत भूमिती शिकवतो आणि आमच्या बैठकीत फळा आहे.

त्या आकृतीतलं मला एकच कळलं होतं, की हे घर कोरडं असेल. आमची जुनी खोली तळमजल्यावर होती आणि तिच्या भिंतींना बारा महिने घाम फुटलेला असायचा. कपाटामागे काळी बुरशी, उशीला कुबट वास, आणि आमच्या चार वर्षांच्या गोटीच्या छातीत शिट्टी. श्वास घेतला की शिट्टी, सोडला की शिट्टी. डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण घर बदला." डॉक्टर लोक हे 'साबण बदला' म्हटल्यासारखं म्हणतात.

आम्ही बदललं. पण ती जुनी खोली दुसरा भाडेकरू न मिळाल्यामुळे तशीच रिकामी पडून होती, आमची वाट बघत. मला ती डोळ्यांसमोर दिसायची, ओल्या भिंतींनी हसताना.

परवानगीच्या अर्जात 'भिंतीचा प्रकार' यापुढे चार चौकोन होते: वीट, दगड, काँक्रीट, लाकूड. नवऱ्याने पट्टी घेऊन शेजारी नीट पाचवा चौकोन आखला, त्यापुढे 'पेंढा' लिहिलं आणि बरोबरची खूण केली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत खुणा करणाऱ्या माणसाला स्वतःच्या अर्जावर खूण करताना किती उकळ्या फुटतात ते मी या डोळ्यांनी पाहिलं. त्या पाचव्या चौकोनामुळे आमची फाईल बांधकामाच्या टेबलावरून उठली आणि चारा-साठवणीच्या टेबलावर जाऊन बसली. तीन आठवड्यांनी तिकडून विचारणा आली: 'जनावरांची संख्या व आकारमान कळवावे.'

"काही लिहू नकोस हं," मी म्हटलं.

"सरकारी प्रश्न आहे. कोरा ठेवला तर शून्य मार्क," असं म्हणून त्याने लिहिलं: मोठी दोन, लहान एक.

परवानगी मिळाली. 'चारा गोदाम, निवासासह.' साठवणूकदार म्हणून माझं नाव, कारण जागा माझ्या नावावर आहे. दोन विषयांत पदवी घेतलेली बाई मी, सरकारदरबारी पेंढ्याची राखणदार झाले. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं शिकवलं ते पेंढ्यात जाऊन बसायला का गं?"

परवानगीखाली बारीक अक्षरात एक अट होती. राहायला गेल्यापासून नव्वदाव्या दिवशी तपासणी होईल, आणि चाऱ्यात वीस टक्क्यांहून जास्त ओल आढळल्यास गोदाम तत्काळ रिकामं करावं लागेल. नवऱ्याने ती वाचून पान उलटलं. मी ती वाचली आणि तिथेच मुक्काम ठोकला. वीस. त्यानंतर कित्येक दिवस मला वीस हा आकडा बसवर, दारांवर, गोटीच्या दुधाच्या पिशवीवर दिसत होता.

घर उभं केलं गठ्ठाताईंनी. पन्नाशीच्या, सडसडीत, बोलण्यात एक शब्द जास्त नाही. आजवर त्यांनी चाळीस घरं अशी रचली आहेत. घर खऱ्या दक्षिणेला तोंड करून बांधायचं असल्यामुळे ते रस्त्याला तिरकं झालं, आणि जाणारा-येणारा थांबून विचारायचा, "काय हो, रस्त्याशी भांडण झालंय का घराचं?" ताईंनी एकाकडेही मान वर करून पाहिलं नाही. जाताना त्यांनी प्रत्येक खोलीच्या भिंतीत एक बारीक भोक ठेवलं, त्याला बूच लावलं, आणि माझ्या हातात एक लांब सळई दिली. सळईच्या मुठीवर छोटी काच, काचेत आकडा. बूच काढायचं, सळई आत सरकवायची, पेंढ्यात किती ओल आहे ते कळतं.

"महिन्यातून एकदा बघ," ताई म्हणाल्या. "पंधराच्या आसपास असेल तर मजेत राहा."

"आणि दोनदा बघितलं तर?"

"तर भिंतीचं काही बिघडणार नाही, तुझं बिघडेल."

त्यांनी मला तासाभरातच ओळखलं होतं.

पहिल्या दिवशी मी तीनदा पाहिलं. गोटीच्या खोलीत तेरा, तेरा, तेरा. दुसऱ्या दिवशीही तेरा. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात कुंपणापलीकडून बंबकाका अवतरले.

बंबकाका म्हणजे आमचे शेजारी. तीस वर्षं आगीच्या बंबावर काढून निवृत्त झालेले. पहिल्याच भेटीत त्यांनी आमच्या भिंतीला हात लावला आणि असा चटकन मागे घेतला, की मला वाटलं ती तापली आहेच.

"सूनबाई, पेंढा म्हणजे काय ठाऊक आहे ना?"

"हो काका."

"पेंढा म्हणजे काडी. आणि आग लावायची असली की आपण काय म्हणतो? काडी लाव." ते कुंपणावर वाकले. "घर कसलं, काड्यापेटी आहे ही. मी तुम्हाला घाबरवत नाहीये."

गठ्ठाताईंना हे कळल्यावर त्या एका दुपारी आल्या. उरलेल्या एका गठ्ठ्याला मागेच गिलावा देऊन ठेवलेला होता, तो त्यांनी अंगणात ठेवला आणि काकांना म्हणाल्या, "लावा काडी." काकांनी घरून पत्रा जोडायचा ज्योतीचा दिवा आणला. तासभर ते गठ्ठ्यावर ज्योत धरून उभे होते. आधी उत्साहाने, मग नेटाने, मग मुंडी खाली घालून. गिलावा काळा पडला. थोडा तडकला. आत दाबून बसलेल्या पेंढ्याला हवाच मिळेना, तर तो पेटणार कसा? मागच्या बाजूला हात लावला तर गार.

मला वाटलं, आता तरी काका शांत होतील. तीस वर्षं आगीशी झुंजलेल्या माणसाचा आगीनेच असा अपमान करावा, याचं मला मनापासून वाईट वाटलं. पण जाताना ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "लागली नाही म्हणजे टपून बसलीय, सूनबाई. खोलीखोलीत पाण्याच्या बादल्या ठेवा. माझं ऐका."

मी ऐकलं. मन चिंती ते वैरी न चिंती, आणि माझ्या मनाला तर पगारी शेजारी मिळाल्यासारखं झालं होतं. प्रत्येक खोलीत दोन, गोटीच्या खोलीत तीन. काठोकाठ भरलेल्या, झाकण नसलेल्या, कारण आग लागल्यावर झाकण शोधत बसायला वेळ कुठला? नवरा पहिल्या दिवशी एका बादलीत पाय घालून पडला. "हे काय?" त्याने विचारलं. "अग्निशमन," मी म्हटलं. तो पायजमा पिळायला गेला.

मग थंडी वाढली. दक्षिणेच्या खिडक्या दुपारी थोडा वेळ उघडायच्या असं ठरलं होतं. पण वारा आत आला की गोटीच्या छातीत जाईल, या धास्तीने मी त्या बंद केल्या आणि फटींत चिंध्या कोंबल्या. बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ बसते आणि धुळीने तिला खोकला येतो, म्हणून कपडे घरात, तिच्याच खोलीत दोरी बांधून. आणि दिवसातून तीन वेळा वाफ. ती पलंगावर भिंतीला टेकून बसायची, पुढ्यात उकळत्या पाण्याचं पातेलं, त्यात निलगिरीचे थेंब, डोक्यावरून टॉवेल. तिला वाफ आवडायची नाही. ती टॉवेलमधून डोकं बाहेर काढायची आणि पातेलं माझ्याकडे सरकवायची, "आता तू." मग थोडी मी घ्यायची.

इतकं सगळं करूनही भिंत बिघडायला लागली. तेराचे चौदा झाले, सोळा झाले.

एकाच भोकावर विश्वास ठेवणं बरं नाही, असं मला वाटलं. नमुना मोठा असावा, हे मला पदवीच्या अभ्यासात शिकवलं होतं; त्या शिक्षणाचा संसारात झालेला हा एकमेव उपयोग. विणायच्या सुईने मी गोटीच्या पलंगाशेजारी दुसरं भोक पाडलं. तिथे सतरा. मग तिसरं. होता होता अकरा झाली. बुचं संपली, तेव्हा कापसाचे बोळे घातले, मग तेही राहून गेले. नवऱ्याच्या लक्षात येऊ नये म्हणून प्रत्येक भोकावर गोटीने काढलेलं एकेक चित्र चिकटवलं. भोकं वाढली तशी चित्रं कमी पडू लागली, आणि मी त्या पोरीला बसवून भराभर चित्रं काढून घेऊ लागले.

"आमची लेक चित्रकार होणार बहुतेक," नवरा कौतुकाने म्हणाला.

"हो ना," मी म्हटलं.

अठरा झाले तो दिवस मी सांगितलाच. पुढच्या सोमवारी साडेअठरा, गुरुवारी एकोणीस. तपासणीला अठरा दिवस उरलेले. मी रोज भिंतीला नाक लावून हुंगायची. कुजका वास येतोय असं वाटायचं, येत नाही असं वाटायचं, आणि येत नाही म्हणजे माझं नाकच गेलं असं वाटायचं. आईने फोनवर सल्ला दिला, भिंतीला मीठ लाव. बंबकाका म्हणाले, "ओल आहे? उत्तम! ओली काडी पेटत नाही." बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण आम्ही काडीतच बुडत होतो, तेव्हा आधार तरी कशाचा घ्यायचा? शेवटी लाज बाजूला ठेवली आणि गठ्ठाताईंना फोन केला. आवाज माझा मलाच ओळखू येईना.

त्या आल्या. नेमका नवराही शाळेतून लवकर आला. ताईंनी गोटीच्या खोलीत पाऊल टाकलं, तीन बादल्यांना वळसा घातला, ओल्या चादरीखालून वाकल्या, आणि चित्रांच्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. एक हत्ती उचकटला. मागे भोक. एक सूर्य उचकटला. मागे भोक. तिसरं चित्र आमच्या तिघांचं होतं, आणि भोक बरोबर माझ्या डोक्यात निघालं.

"अगं," नवरा एवढंच म्हणाला. काडीमोड घ्यायला पेंढ्याच्या घरात काड्यांना तोटा नव्हता, पण तो बिचारा फक्त भोकं मोजत होता. "अकरा," तो म्हणाला. "आणि एका रेषेतसुद्धा नाहीत."

ताईंनी त्या भोकाला नाक लावलं. डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. आता म्हणतील, कुजली. आता म्हणतील, पाडा.

ताईंनी डोळे उघडले. "निलगिरी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"भिंतीला निलगिरीचा वास येतोय. चाळीस घरं बांधली, पण वाफारा घेणारी भिंत पहिल्यांदा बघतेय." त्या पलंगावर टेकल्या आणि पहिल्यांदाच सलग बोलल्या. "कुजलेली नाही गं. आगीच्या भीतीने पाणी भरून ठेवलंस, वाऱ्याच्या भीतीने खिडक्या बंद केल्यास, धुळीच्या भीतीने ओले कपडे आत आणलेस आणि खोकल्याच्या भीतीने वाफ कोंडलीस. ते सगळं पाणी जाणार कुठे? गिलाव्याने अडवलं असतं थोडंफार, तर तू त्याची चाळण केलीस. आणि ही सगळी उस्तवार पोरीच्या उशाशी. तुझी जुनी खोली कशी होती म्हणालीस?"

त्या कुबट खोलीतून जीव घेऊन पळालेली मी, इथे तीच खोली पुन्हा घडवत बसले होते, मेहनतीने, दिवसातून तीन वेळा.

"मग आता काय करायचं?" नवऱ्याने विचारलं.

"भोकं बुजवते. बादल्या ओता, कपडे बाहेर घाला, दुपारी खिडक्या उघडा. उन्हाला त्याचं काम करू द्या. आणि वाफ बंद."

"वाफ बंद?" माझा आवाज चिरकला. "आणि शिट्टी आली तर?"

"तर डॉक्टर आहेत ना. विचार त्यांना." ताईंनी हात पुढे केला. "आणि सळई."

एखाद्याच्या हातातून काठी काढून घ्यावी तसं मला झालं. मी ती दिली. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "वाफ? मी कधी सांगितली होती वाफ?" आठवून पाहिलं, तर खरंच सांगितली नव्हती. मला ती कुणीच सांगितली नव्हती.

त्यानंतरचे अठरा दिवस मी काही केलं नाही. वाचायला सोपं आहे. काही न करणं हे किती अंगमोडीचं काम आहे ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. दुपारी खिडक्या उघडल्या की मी हाताची घडी घालून, हात काखेत दाबून बसायची, नाहीतर ते आपसूक कडीकडे जायचे. ऊन फरशीवरून सरकत यायचं, पलंगाच्या पायावर चढायचं आणि दीडच्या सुमारास नेमकं त्या भिंतीवर. नवऱ्याने छज्ज्याची लांबी दोन बोटांपर्यंत मोजून काढली होती. त्याचं गणित ऐकताना मी नेहमी जांभई दिली होती; आता मात्र ते भिंतीवर पसरलं की मी जांभई न देता बघत बसायची. पण आकडा? आकडा आता ताईंच्या पिशवीत होता. भिंत वाळतेय की फुगतेय, गोटीची छाती बरी आहे की वाफेविना भरत चाललीय, काही कळायला मार्ग नव्हता. ती दुपारी झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास मोजायची. तिच्या झोपेत माझ्या बोटाची इतकी लुडबूड व्हायची, की ती कूस बदलून माझ्याकडे पाठच करून झोपू लागली.

नव्वदाव्या दिवशी दुपारी साहेब आले. चारा-साठवणीचे साहेब. काखेत फाईल, हातात आमच्यापेक्षा दुप्पट लांबीची सळई. मागोमाग कुणी न बोलावता बंबकाका, हातात एक भरलेली बादली, अगदी शेवटची म्हणून.

"साठवणूकदार कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"जनावरं कुठायत?"

नवऱ्याने स्वतःकडे, माझ्याकडे आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. साहेबांनी फाईल पाहिली, आम्हाला पाहिलं, आणि अनुभवी माणसासारखे पुढचं काही न विचारता आत शिरले. सगळ्या खोल्या सोडून ते नेमके गोटीच्या खोलीत थांबले. ती दुपारची झोपली होती, त्या भिंतीला पाठ लावून, अंगावर ऊन घेऊन.

"हीच भिंत घेतो," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"का? हीच का?" मी म्हटलं.

"मॅडम, माणूस 'ही नको' अशा नजरेने ज्या भिंतीकडे बघतो, तीच आम्ही घेतो."

ताईंनी ठेवलेल्या मूळ भोकातून सळई तिच्या उशाच्या वर वीतभर अंतरावर आत गेली. "पूर्ण एक मिनिट लागतं. कुणी बोलू नका, पोर उठेल." साहेबांनी घड्याळ समोर धरलं. नवऱ्याने ओठ घट्ट मिटले. बंबकाकांनी बादली खाली ठेवली, तीही अलगद.

खोलीत एवढी शांतता पसरली की उन्हाचाही आवाज आला असता. मी आकड्याकडे पाहू शकले नाही. सवयीने गोटीकडे कान लावला. शिट्टीला. चार वर्षांत माझा कान दुसरं काही ऐकायलाच शिकला नव्हता; भांडी घासताना, फोनवर बोलताना, कुठेही असले तरी त्या बारीक शिट्टीच्या दोऱ्याला धरून मला कळायचं, की ती आहे. मी ऐकलं. काही नाही. पुन्हा ऐकलं. काहीच नाही. श्वास घेतल्याचा नाही, सोडल्याचा नाही. ऊन, शांतता, आणि पलंगावर माझी पोर, आवाज न करता पडलेली.

मी साहेबांना बाजूला ढकललं, बंबकाकांची बादली लवंडली, आणि "गोटी! गोटी!" करत मी तिला खांद्याला धरून गदागदा हलवलं.

गोटीने डोळे उघडले. समोर आईचा भेसूर चेहरा, त्यामागे तीन अनोळखी वाटणारी तोंडं, आणि उशावर भिंतीतून निघालेली लोखंडी सळई. तिने तोंड उघडलं आणि भोकाड पसरलं.

असं भोकाड मी तिचं कधी ऐकलं नव्हतं. जुन्या खोलीत तिला रडायला दम पुरायचा नाही. दोन हुंदके झाले की खोकला, मग खोकल्याने दमून ती गप्पच व्हायची. हे रडणं थांबेचना. ते वर चढलं, वळलं, पुन्हा वर चढलं, सगळं एकाच श्वासात, स्वच्छ आणि खणखणीत. मी तिला छातीशी धरलं, तर माझ्या कानाचे पडदे थरथरले. श्वास संपला, तिने भरपूर नवा घेतला, मधे शिट्टीचं नाव नाही, आणि पहिल्यापेक्षा मोठ्याने सुरू केलं. मीही रडत होते बहुतेक, पण ते ऐकू येणं शक्य नव्हतं.

साहेबांनी सळई उपसली, काचेकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाले. ओठ हललेले तेवढे दिसले. नवऱ्याने त्यांच्या पाठीमागून मला दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, मग सहा. मला कळलं नसेल असं वाटून पुन्हा दहा, पुन्हा सहा; भूमितीचा माणूस, सिद्ध झालेलंही दोनदा लिहून दाखवतो. बंबकाका सांडलेल्या पाण्यात उभे राहून कानांवर हात ठेवून होते.

साहेबांनी फाईल उघडली, पेन काढलं आणि माझ्याजवळ येऊन जवळजवळ ओरडले, "मॅडम, तिला गप्प करा आधी! नोंद करायची आहे."

"थांबा हो साहेब," मी म्हटलं. "रडू दे तिला जरा."